डोळ्यांच्या गोळ्या आणि ताटातली भाजी

(आमच्या भागातल्या सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

 

आज आपण डोळ्यांविषयी बोलणार आहोत. गटाच्या कामाने आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो. "ताई, वय झालं की नजर कमी होते, त्यावर गोळ्या निघाल्यात म्हणे. त्या घ्याव्यात का?" कुणाच्या हातात बाटली असते, कुणाच्या मोबाइलवर जाहिरात. बाटलीवर डोळ्याचं मोठं चित्र असतं आणि ‘अँटिऑक्सिडंट’ असा शब्द छापलेला असतो. किंमत विचारली तर कुणी महिन्याला नऊशे सांगतं, कुणी दीड हजार. म्हणजे एकीच्या कित्येक महिन्यांच्या बचतीचे पैसे एका बाटलीत जातात.

म्हणून आधी उत्तर सांगतो, मग त्याचं कारण. डोळ्यांच्या एका आजारात, त्याच्या एका ठरावीक टप्प्यावर, ठरावीक प्रमाणातल्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. तो आजार आहे की नाही हे डोळे तपासल्याशिवाय कळत नाही. बाकीच्यांनी या गोळ्यांवर खर्च करण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी जे लागतं ते बरंचसं परसात, शेताच्या बांधावर आणि आठवडी बाजारात मिळतं.

वय वाढतं तसं डोळ्यांत काय होतं

"डोळे गेले" असं आपण एका शब्दात म्हणतो. पण त्यात निदान पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली गोष्ट चाळिशी. चाळीसच्या आसपास सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातले खडे दिसत नाहीत, पासबुकावरचे आकडे हात लांब करून वाचावे लागतात. डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते म्हणून असं होतं. हा आजारच नाही. त्याला जवळचा चष्मा लागतो, बस. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक बायाच होत्या. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांचं पानं खुडण्याचं काम चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. शिवणकाम, निवडणं-टिपणं, पापड, गोधड्या असली कामं करणाऱ्या आपल्या गटांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जगातली कुठलीही गोळी चाळिशी घालवत नाही.

दुसरी गोष्ट मोतीबिंदू. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसं डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ होत जातं. केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात देशभर पाहणी केली. तिच्यात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वामागे सुमारे ६६ टक्के वेळा मोतीबिंदू हेच कारण निघालं. म्हणजे तीन आंधळ्या म्हाताऱ्या माणसांतली दोन शस्त्रक्रियेने बघू शकली असती. गढूळ भिंग काढून तिथे नवं बसवणं, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

तिसरा काचबिंदू. यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते, बऱ्याचदा डोळ्याच्या आतला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, लाल होत नाही. कडेकडेचं दिसणं आधी जातं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर थेंब सुरू केले तर उरलेली वाचते.

चौथी गोष्ट शुगरची. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून शुगर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा.

पाचवी गोष्ट म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची झीज. या मधल्या ठिपक्याएवढ्या जागेला मॅक्युला म्हणतात. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणं, अक्षर वाचणं, भाकरी भाजली की नाही ते बघणं, हे सगळं या जागेमुळे होतं. साठीनंतर काहींची ही जागा झिजत जाते. कडेचं दिसतं, पण मधोमध धूसर किंवा काळा डाग येतो. आपण ज्या गोळ्यांविषयी बोलतोय त्यांचा संबंध या पाचव्या गोष्टीशी आहे. पहिल्या चारांशी नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय

शब्द अवघड आहे, पण गोष्ट आपल्या चुलीपाशीच आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते होतं. त्यावर लिंबू पिळलं की काळं पडणं लांबतं. लिंबातलं क जीवनसत्त्व ती क्रिया रोखून धरतं. असं रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

डोळ्याच्या पडद्यावर जन्मभर उजेड पडत असतो आणि तिथे ऑक्सिजनही भरपूर वापरला जातो. त्यामुळे तिथे ही झीज जास्त होते. निसर्गाने त्याची थोडी सोय केली आहे. मॅक्युलाच्या जागी एक पिवळा रंग असतो. तो रंग ल्युटिन आणि झियाझँथिन या दोन पदार्थांचा आहे. हे पदार्थ आपलं शरीर तयार करू शकत नाही. ते खाण्यातूनच यावे लागतात. हिरव्या गडद पालेभाज्या, पिवळा मका, अंड्याचा बलक, यांत ते असतात. कॅप्सूलमधलं ल्युटिन बहुतेक वेळा झेंडूच्या फुलांपासून काढलेलं असतं, हे ऐकून आमच्या एका गटातल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे दसऱ्याला आपण किलोवर विकतो ते फूल आपल्यालाच बाटलीत हजाराला मिळतं म्हणायचं." मावशींचं म्हणणं हसण्यावारी गेलं, पण अगदी चुकीचं नव्हतं. फक्त झेंडू तसाच खाऊन उपयोग नाही, हे तिथेच सांगावं लागलं.

गोळ्यांची तपासणी कशी झाली

मग ज्याची कमतरता ते गोळीतून दिलं तर? हा विचार डॉक्टरांच्याही मनात आला आणि त्यांनी तो नीट तपासून पाहिला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने ५५ ते ८० वयाच्या ३,६४० लोकांवर मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. काहींना रोज क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, बीटा कॅरोटिन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबं २ मिलिग्रॅम दिलं. काहींना दिसायला तशीच, पण आत काही नसलेली गोळी दिली. कुणाला कोणती ते गोळी घेणाऱ्यांना माहीत नव्हतं. ज्यांच्या मॅक्युलाची झीज मधल्या टप्प्यावर पोचली होती, किंवा एका डोळ्यात ती पुढे गेली होती, अशा लोकांत फरक दिसला. पाच वर्षांत रिकामी गोळी घेणाऱ्या शंभरांतल्या २८ जणांचा आजार गंभीर टप्प्यावर गेला. खरी गोळी घेणाऱ्या शंभरांत हा आकडा २० होता.

मैत्रिणींनो, हा फरक आपण गटाच्या हिशोबासारखा वाचू. शंभरांतल्या आठ जणांचा फायदा झाला. वीस जणांचा आजार गोळी घेऊनही वाढला. गेलेली नजर कुणाचीच परत आली नाही. ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता, त्यांना गोळीचा फायदा दिसला नाही. आणि मोतीबिंदूवर या गोळ्यांचा काही परिणाम झाला नाही.

शेवटची गोष्ट आपल्या देशातही तपासली गेली आहे. तामिळनाडूत मदुराईजवळच्या खेड्यांतल्या ७९८ माणसांवर पाच वर्षं अभ्यास झाला. काहींना बीटा कॅरोटिन आणि क, ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, काहींना रिकाम्या. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोतीबिंदू वाढण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच होता. ती माणसं आपल्यासारखीच उन्हात राबणारी होती, म्हणून हा अभ्यास आम्हाला जास्त जवळचा वाटतो.

आता तोट्याची बाजू. गोळीत बीटा कॅरोटिन होतं. गाजराला रंग देतं तेच. गाजरातलं चांगलंच आहे, पण गोळीतून मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा वेगळंच घडलं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांना ते देऊन पाहिलं होतं. १९९४ साली कळलं की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. म्हणून अमेरिकेच्या त्याच नेत्र संस्थेने दुसरा अभ्यास केला. तो २०१३ साली आला. त्यात बीटा कॅरोटिनच्या जागी ल्युटिन १० मिलिग्रॅम आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घालून पाहिलं. डोळ्यांचा फायदा टिकला आणि कर्करोगाचा धोका टळला. तेव्हापासून डॉक्टर ल्युटिनचीच गोळी लिहून देतात. याच अभ्यासात माशाच्या तेलाची गोळीही जोडून पाहिली होती. तिचा वेगळा काही फायदा निघाला नाही.

जस्ताचंही बघा. आपल्या देशाच्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला साधारण १३ मिलिग्रॅम जस्त लागतं. त्या गोळीत ८० होतं, म्हणजे सहापट. इतकं जस्त वर्षानुवर्षं घेतलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं आणि त्यातून रक्तही कमी होऊ शकतं. त्यासाठीच त्या गोळीत तांबं घालावं लागलं. आपल्याकडे आधीच कितीतरी बायांचं हिमोग्लोबिन कमी आहे. अशा बाईने शेजारणीचं ऐकून जस्ताची जोरदार गोळी सुरू करणं धोक्याचं आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या कुठल्याच गोळ्या घेऊ नयेत.

गटात आलेली बाटली

आमच्या भागातल्या एका गटापुढे हा विषय दोन बाजूंनी आला. एका सदस्य ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला होता, पाच हजारांचा. कारण लिहिलं होतं, सासूबाईंच्या डोळ्यांचं औषध. सासूबाईंना वर्षभर धूसर दिसत होतं आणि कुणीतरी सहा महिन्यांचा कोर्स सांगितला होता. त्याच महिन्यात एक विक्रेता बैठकीला आला. "गटाने विक्री घ्या, बाटलीमागे कमिशन देतो," म्हणाला. गटाला त्या वर्षी कामच मिळालं नव्हतं. कमिशनचं ऐकून काहींचे डोळे चमकले, आणि त्यात काही वावगं नाही. कमाई कुणाला नको असते?

कर्जाच्या अर्जावर गटाच्या अध्यक्ष ताईंनी एकच प्रश्न विचारला, "सासूबाईंचे डोळे कुणी तपासलेत का?" तपासले नव्हते. मग कर्ज थांबवलं नाही, आधी तपासणी करायची असं ठरलं. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. सरकारी रुग्णालयात एकेक करून दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. खर्च झाला तो जाण्यायेण्याचा आणि सोबत राहिलेल्या सुनेच्या बुडालेल्या मजुरीचा. तेवढ्यासाठी तिने गटाकडून नऊशे रुपये घेतले आणि तीन हप्त्यांत फेडले.

विक्रीचा निर्णय जास्त अवघड गेला. एक ताई म्हणाली, "आपण नाही विकल्या तर दुसरं कुणीतरी विकेलच." त्यावर दुसरी म्हणाली, "विकू दे. पण आपण विकल्या की आपल्या गटाच्या नावावर खपतील. लोक बाटलीवर विश्वास ठेवणार नाहीत, आपल्यावर ठेवतील. आणि एखादीची नजर गेली तर ती आपल्या दारात येईल." बराच वेळ बोलणं झालं. शेवटी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न ठरले. त्यांची उत्तरं त्याला देता आली नाहीत, आणि गटाने नकार वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ते प्रश्न आम्ही आता सगळ्या गटांना देतो. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

एक, ही गोळी कोणत्या आजारासाठी आहे? "डोळ्यांच्या सगळ्या तक्रारींवर" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

दोन, आत काय आहे आणि किती मिलिग्रॅम आहे? नुसतं नाव लिहिलेलं असेल, आकडा नसेल, तर पैसे देऊ नका.

तीन, त्यात बीटा कॅरोटिन आहे का? घरात बिडी-सिगारेट ओढणारं, किंवा पूर्वी ओढलेलं कुणी ती घेणार असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा.

चार, हे औषध आहे की पूरक आहार? पूरक आहाराच्या डब्यावर अन्न सुरक्षा विभागाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि औषध म्हणून वापरू नये असंही छापलेलं असतं. विकणारा तोंडाने "औषध" म्हणतो आणि डबा "औषध नव्हे" म्हणतो, हे तिथल्या तिथे वाचून दाखवा.

पाच, मोतीबिंदू किंवा काचबिंदू बरा होतो असं लिहिलंय का? मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. असा कागद हाती आला तर जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

ताटात काय असावं

आता ज्या गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत त्या सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या दिवसाच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम आहेत. आपल्या घरी रोज एवढं होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण रोज एक मूठभर शिजलेली गडद पालेभाजी, एवढं तरी ठरवता येईल.

पालेभाजीत पालक-मेथीच हवी असं नाही. शेवग्याचा पाला, राजगिरा, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, सगळ्यांत ल्युटिन आहे. रंग जितका गडद तितकं चांगलं. शेवग्याचं एक झाड दारात असलं की उन्हाळ्यातही पाला मिळतो. पिवळ्या मक्याचं कणीस, लाल भोपळा, पपई यांनीही डोळ्यांना लागणारे रंगीत पदार्थ मिळतात. अंडं खाणाऱ्यांनी बलक टाकू नये. त्यातलं ल्युटिन थोडं असलं तरी अंगी चांगलं लागतं.

हे पदार्थ तेलात विरघळतात. म्हणून पालेभाजी नुसती उकडून खाल्ली तर त्यातलं बरंचसं वाया जातं. लसणाची फोडणी, वरून शेंगदाण्याचा कूट, हे आपल्या आज्यांनी घालून दिलेलं बरोबरच आहे. चमचाभर तेल पुरतं. शेंगदाणे, सूर्यफूल आणि करडईच्या तेलातून ई जीवनसत्त्वही मिळतं.

क जीवनसत्त्व शिजवल्यावर कमी होतं. म्हणून ते कच्च्या पदार्थांतून घ्यावं. आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर, कच्ची कोबी. बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागतं, आणि एका मध्यम पेरूतून शंभराच्या वर मिळतं. म्हणजे एक पेरू खाल्ला की त्या दिवसाची गरज भागते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेलं पाणी फेकू नये, आमटीत घालावं.

जस्त तिळात, बाजरीत, डाळी-कडधान्यांत, भोपळ्याच्या बियांत असतं. मटण, मासे, अंडी यांतलं अंगी लवकर लागतं. कडधान्याला मोड आणले की त्यातलं जस्त आणि लोह शरीराला जास्त मिळतं. मटकीला मोड काढायला फक्त पाणी आणि फडकं लागतं. कोकणातल्या मैत्रिणींनो, बांगडा-तारली सोडू नका. माशाच्या तेलाच्या गोळीने फायदा दिसला नसला, तरी नियमित मासे खाणाऱ्यांत मॅक्युलाचा आजार कमी आढळला आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलू. भाजी घरात असते, पण ती कुणाच्या ताटात जाते? आधी घरातले पुरुष, मग मुलं, मग पाहुणे. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकरी आणि तळाचा रस्सा उरतो. अशी वीस-तीस वर्षं गेली की शरीर कुठून साठा करणार? भाजी चुलीवरून उतरवली की आपली आणि सासूबाईंची वाटी आधी काढून झाकून ठेवा. यात स्वार्थ नाही. घरातलं सगळं बघणारे डोळे तुमचेच आहेत.

बाकीची राखण

नुसतं खाण्याने भागत नाही. तंबाखू ओढण्याने मोतीबिंदू आणि मॅक्युलाचा आजार, दोन्हींचा धोका वाढतो. मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो हे आपण जाणतोच, तेव्हा तीही सोडायची आहे. चुलीचा धूर आणि मोतीबिंदू यांचा संबंध भारत-नेपाळमधल्या अभ्यासांत दिसला आहे, म्हणून गॅस असेल तर तो पाहुण्यांच्या चहापुरता ठेवू नका. चूल असेल तर धुराला वाट करून द्या. उन्हात कामाला जाताना पदर किंवा टोपी कपाळापुढे ओढून घ्या. डोळ्यांत मध, लिंबू, झाडाचा चीक काही घालू नका. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब महिनोन्महिने घालू नका. स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो.

चाळिशी झाली की प्रत्येकीने एकदा डोळे पूर्ण तपासून घ्यावेत. आई-वडील, भावंडं यांत कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. आणि साठीपुढच्यांनी आठवड्यातून एकदा घरी एक छोटी तपासणी करावी. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने खिडकीच्या गजांकडे बघा. मग डोळा बदला. गज सरळ दिसले तर ठीक. मध्येच वाकडे दिसले किंवा मधला तुकडा गायब दिसला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मॅक्युलाच्या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण उशीर चालत नाही. डोळ्यापुढे अचानक ठिणग्या, काळे ठिपके किंवा पडदा आला, किंवा डोळा लाल होऊन डोकं ठणकलं आणि उलटी झाली, तर त्याच दिवशी जायचं.

डॉक्टरांनी पडदा तपासून, मॅक्युलाची झीज मधल्या टप्प्यावर आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्या, तर त्या जरूर घ्या. मध्येच सोडू नका. ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांनी खर्च टाळणं हेही नुकसानच आहे.

येत्या मासिक बैठकीत एक काम करू या. वहीचं एक पान घ्या. प्रत्येक सदस्याच्या घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांची नावं लिहा. पुढे तीन रकाने आखा: डोळे शेवटचे कधी तपासले, शुगर आहे का, जवळचा चष्मा आहे का. पहिला रकाना ज्यांचा रिकामा राहील त्यांची यादी आशाताईंना द्या आणि ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या तपासणीचा वार कोणता ते विचारून घ्या. चारचौघी मिळून गेलात तर रिक्षाचं भाडंही वाटून जातं. पान भरलं की आम्हाला कळवा. कुठल्या गावात किती नावं निघाली ते सांगितलंत, तर एकत्र शिबिर मागायला आपल्या हाती आकडा असेल.